एकाच घरची दोन भावंडे

सोडत हा शब्द आमच्या पिढीला ठाऊक झाला तो लॉटरीच्या तिकिटांमुळे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली आणि पगाराच्या दिवशी एखादे तिकीट घेऊन ते खिशात जपून ठेवणे, हा कित्येक सज्जन माणसांचा निरुपद्रवी छंद होऊन बसला. पुढे म्हाडाच्या घरांच्या सोडती निघू लागल्या व वर्तमानपत्रात आपला क्रमांक शोधणाऱ्या चेहऱ्यांची आपल्याला सवय झाली. परंतु सहा वर्षांच्या लेकराने कोणत्या शाळेच्या बाकावर बसावे हेही एके दिवशी सोडतीने ठरेल, असे कोणी आम्हांस सांगितले असते, तर आम्ही ते थट्टेवारी नेले असते. तो काळ आला आहे. आणि खरे सांगावयाचे तर तो सर्वस्वी वाईट आहे, असेही आम्हांस म्हणवत नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला व तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. लोकांच्या तोंडी तो ‘आरटीई’ या नावानेच रुळला आहे. या कायद्याच्या बाराव्या कलमान्वये खासगी विनाअनुदानित शाळांनी आपल्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या आणि त्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिकवावयाचे. त्यापोटी शासनाने शाळेला खर्चाची प्रतिपूर्ती करावयाची. तेराव्या कलमाने देणगी घेण्यास आणि मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास बंदी केली. निवडीची जी पद्धत चिठ्ठीसारखी यदृच्छेवर चालत नाही ती कायद्याच्या दृष्टीने ‘चाचणी’च होय. म्हणजे जागांपेक्षा अर्ज अधिक आले की सोडत आलीच. आपल्या राज्यात ही सोडत संगणकावर काढली जाते. पालकांनी अर्जात दहापर्यंत शाळा लिहावयाच्या, घर आणि शाळा यांमधील अंतर एक किलोमीटरच्या आत असल्यास प्रथम विचार, तीन किलोमीटरपर्यंत असल्यास त्यानंतर. प्रवर्ग पाहिला जातो, अंतर पाहिले जाते. मुलाची सख्खी बहीण त्याच शाळेत शिकत आहे किंवा नाही, हे मात्र पाहिले जात नाही.

या न पाहिल्या गेलेल्या गोष्टीविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात गेली काही वर्षे घोळत आहे.

आमचा मीरा-भाईंदरचा परिसर ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांना तो आज ओळखू येणार नाही. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत आमची वस्ती पावणेदोन लाखांची होती. २००१ साली ती पाच लाख वीस हजारांवर गेली आणि २०११ साली आठ लाखांच्या पुढे. मिठागरांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या, मीरा रोडला तर एक नवे शहरच वसले. उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही आमची जुनी गावे अजून समुद्राकडे तोंड करून बसलेली आहेत. पण त्यांची मुलेबाळे खोली मिळेल तेथे, भाईंदर पश्चिमेपासून थेट नालासोपाऱ्यापर्यंत पांगली आहेत. एवढ्या माणसांना पुरतील इतकी घरे बिल्डरांनी बांधली. तितक्या चांगल्या शाळा कोणी बांधल्या नाहीत. महानगरपालिकेच्या शाळा आहेत, त्यांतील काही शिक्षक मनापासून शिकवतात हेही आम्ही पाहिले आहे; परंतु आईबापांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे, आणि ओढा अधिक तेथे रांग अधिक.

आम्ही उत्तनचे, जातीने ख्रिश्चन कोळी. एका मच्छीमार सहकारी संस्थेत आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे कागदपत्रांची भीती उरली नाही. निवृत्तीनंतर आरटीईचे अर्ज भरण्याच्या दिवसांत ओळखीपाळखीच्या कुटुंबांना मदत करणे हा आमचा एक उद्योग होऊन बसला. जन्मदाखला, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, भाड्याचे घर असल्यास नोंदणी केलेला भाडेकरार. यांतील एक कागद कमी पडला की निवड होऊनही प्रवेश हुकतो. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्या घरी तो पुरावा म्हणजे आमचाच पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर हेडमास्तरांनी शाईने लिहिलेली जातीची नोंद. कोळी जातीच्या इतर पोटशाखांप्रमाणे ख्रिश्चन कोळ्यांचाही समावेश राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात आहे. या प्रवर्गातील मुलांना वंचित घटक म्हणून अर्ज करता येतो व त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही. आमच्या समाजातील कितीतरी घरांना ही गोष्ट अजून ठाऊक नसते. फॉर्मवर ‘ख्रिश्चन’ लिहिले की आपले काम संपले, असे त्यांना वाटते.

आमचा मुलगा बोटीवर जातो. लग्नानंतर तो भाईंदर पश्चिमेला भाड्याच्या खोलीत राहावयास गेला. त्याची थोरली मुलगी, म्हणजे आमची नात, शाळेच्या वयाची झाली तेव्हा प्रथम आम्ही परिसरातील एका शाळेत, तेथल्या बालवर्गासाठी, रीतसर फी भरण्याच्या तयारीने अर्ज घेतला. त्या शाळेचा नियम सरळ होता. शाळेत आधीपासून शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना प्रथम प्रवेश, त्यानंतर माजी विद्यार्थ्यांची मुले, आणि जागा उरल्यास इतर. जागा उरल्या नाहीत. कार्यालयातील बाईंनी आम्हांस अगदी नम्रपणे सांगितले की, यंदा भावंडेच फार आहेत. आमची नात थोरली असल्यामुळे तिच्या पुढे कोणी नव्हते, आणि तिच्या आईबापांपैकी कोणी त्या शाळेत शिकलेले नव्हते. पहिले पाऊल टाकणाऱ्याला तेथे वाटच नव्हती. त्या दिवशी घरी येताना भावंडांना प्राधान्य देण्याच्या रीतीविषयी आमच्या मनात जे विचार आले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

पुढे २०२१ च्या सोडतीत नातीचा क्रमांक लागला. दुसऱ्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ती पहिलीत गेली. फी नाही, म्हणून घरात पेढे वाटले गेले. फी नसली तरी खर्च असतो हे हळूहळू कळाले. तरीही पोर चांगली शिकू लागली, आणि तिच्या मागे तीन वर्षांनी असलेला धाकटा भाऊ रोज तिची बॅग पाठीला लावून घरभर हिंडू लागला. त्याची शाळा ठरल्यासारखीच होती, असे त्याच्या मनाने घेतले होते.

त्याच्या वेळी, २०२४ साली, एक नवेच प्रकरण उपटले. राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलला व ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो रद्द ठरविला. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम राखला. न्याय झाला, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. आईबापांनी किती दिवस मुलाला घरी बसवावे? नातवाला महानगरपालिकेच्या मराठी शाळेत घातले. सोडतीत त्याचे नाव आले नाही. पुढच्या वर्षी वयात बसत होता म्हणून पुन्हा अर्ज केला. पुन्हा नाव आले नाही. त्यानंतर वयाची मर्यादा संपली आणि प्रश्न कायमचा मिटला. ज्या जातीच्या दाखल्यावर बहिणीला जागा मिळाली, तोच बापाचा दाखला, तेच आजोबांचे पिवळे कागद भावासाठीही जोडले होते. एकच दाखला दोघांना चालला, नशीब मात्र चालले नाही.

आता आमच्या सूनबाईंचा दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे भावंडांचा प्रश्न हा केवळ हौसेचा नाही हे ध्यानात येईल. ती मासळी विकते. पहाटे माल घ्यावयाचा, सकाळी बाजारात बसावयाचे. मुलीची शाळा सकाळी सातची, मुलाची दुपारची, आणि दोन शाळा शहराच्या दोन टोकांना. मुलगीला सोडून ती बाजारात जाते तेव्हा ग्राहकांची चांगली वेळ अर्धी सरलेली असते. मुलीला आणावयास उठते तेव्हा शेजारणीला टोपली राखावयास सांगते. मुलाला पोहोचवून येते तोवर बर्फ वितळलेला असतो आणि बोंबील मऊ पडलेले असतात. नवरा बोटीवर गेला की आठ-आठ दिवस घरी नाही. दोन्ही मुले एका शाळेत असती तर थोरलीने धाकट्याचा हात धरून त्याला नेले असते, जसे आम्ही आमच्या भावांना नेले, जसे आमच्या बहिणींनी आम्हांला नेले. आमच्या काळी बालभारतीचे पुस्तक एकाच घरात तीन-तीन वर्षे फिरत असे; शेवटच्या भावंडाच्या हाती येई तेव्हा त्याला खळीचे नवे पुठ्ठे लावावे लागत. आता एकीची पुस्तके दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत. भाषा निराळी, गणवेश निराळा, सुट्ट्यासुद्धा निराळ्या.

याहून एक बारीक गोष्ट आहे. बहीण घरी आली की इंग्रजीत कविता म्हणते. भाऊ मराठीत पाढे म्हणतो. दोन्ही चांगलेच, मराठी शाळेचा आम्हांस कमीपणा वाटत नाही, आम्ही स्वतः तेथेच शिकलो आणि या पानांवर लिहितो ती भाषाही तिचीच देणगी. पण मूल तुलना करते. आपल्या बहिणीला टाय आहे व आपल्याला नाही, तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळे घर नटून जाते, हे त्याला दिसते. त्याने एकदा आपल्या आईला विचारले की माझा नंबर का लागला नाही, मी काय केले? सहा वर्षांच्या मुलाला यदृच्छा म्हणजे काय ते समजावून सांगणे हे कोणत्याही धर्मशिक्षणाच्या तासापेक्षा कठीण काम आहे.

आमच्या घरी निदान मुलीला मिळाले. अर्ज भरावयास बसतो तेव्हा याच्या उलट घडलेले अनेकदा पाहतो. मुलाला सोडतीत जागा मिळाली तर मुलगी बिनदिक्कत जवळच्या फुकट शाळेत जाते आणि घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही. मुलीला मिळाली आणि मुलाला नाही, तर मात्र कर्ज काढून, दागिना मोडून मुलाला फीच्या शाळेत घातले जाते. सोडत मुलगा-मुलगी पाहत नाही. परंतु सोडतीने फोडलेल्या घरात पुढचा निवाडा आईबाप करतात, आणि तो निवाडा कोणाच्या बाजूने जातो हे आपल्या सर्वांस ठाऊक आहे. भावंडांना एकत्र ठेवणारा नियम असता, तर हा निवाडा करण्याची वेळच पुष्कळ घरांवर आली नसती. या विषयावर बोलणारे लोक मुलींची ही बाजू सहसा मांडत नाहीत, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली.

थोडा हिशेबही मांडून पाहू. २०२५-२६ या वर्षी राज्यात या प्रवेशांसाठी सुमारे एक लाख नऊ हजार जागा होत्या आणि अर्ज तीन लाखांहून थोडे अधिक. म्हणजे ढोबळ मानाने तीन अर्जांमागे एक जागा. शाळाशाळांतून हे प्रमाण फार वेगळे असते, पण तूर्त हेच धरू. दोन मुलांच्या घरात, दोघांच्या सोडती स्वतंत्र निघाल्या तर, दोघांनाही जागा मिळण्याची शक्यता नवांत एक. कोणालाच न मिळण्याची नवांत चार. आणि एकालाच मिळून दुसरे बाहेर राहण्याची, तीही नवांत चार. सोडत ज्या घरांना हात लावते त्यांतील बहुतेकांना ती जोडत नाही, फोडते. आणि ज्या नवांतल्या एका घरात दोघांनाही जागा मिळते, तेथेही ती एकाच शाळेत मिळेल याचा भरवसा नाही.

हे ऐकल्यावर वाचकांना वाटेल की मग भावंडांना प्राधान्य द्यावे, यात वाद तो कसला? वाद आहे. एका शाळेत या २५ टक्क्यांच्या पंचवीस जागा आहेत व एकशे साठ अर्ज आले असे समजू. त्यांतील दहा मुलांची भावंडे आधीच त्या शाळेत आहेत. प्राधान्य नसेल तर प्रत्येकाला शंभरांत साधारण सोळा इतकी संधी. प्राधान्य दिले तर दहा जागा आधीच गेल्या. उरलेल्या पंधरा जागांसाठी दीडशे मुले, म्हणजे शंभरांत दहा. ज्या घरात एकही मूल अद्याप निवडले गेलेले नाही, त्या घराच्या ताटातला घास काढून, ज्या घराला एकदा मिळाले आहे त्याला दुसरा वाढावयाचा, असा हा प्रकार दिसतो. आमच्या मदतीने अर्ज भरणाऱ्या एका भगिनीने हे आम्हांस तोंडावर सुनावले. तिला एकच मुलगी. ती म्हणाली, “काका, तुमच्या नातीला मिळाले तेव्हा माझ्या मुलीला नाही मिळाले. आता तुमच्या नातवालाही आधी मिळावे म्हणता? मग आमच्या वाट्याला काय?” तिच्या बोलण्याला आमच्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते, आणि बालवर्गाच्या कार्यालयातून हात हलवत परत आलेले आम्हीच आम्हांला आठवलो.

एकुलत्या मुलाची बाजू शासनालाही अगदीच ठाऊक नाही असे नाही. केंद्रीय विद्यालयांत पहिलीच्या प्रत्येक तुकडीत एकुलत्या एका मुलीसाठी जागा राखण्याची तरतूद राहिलेली आहे. तेथे तत्त्व नेमके उलटे: ज्या घरात भावंड नाही त्याला पुढे बसवावयाचे. दिल्लीत पाहावे तर खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशासाठी २०१३ च्या अखेरीस नायब राज्यपालांनी शंभर गुणांची पद्धत लावली होती. घर जवळ असल्यास सत्तर गुण, भावंड शाळेत असल्यास वीस, आईबाप माजी विद्यार्थी असल्यास पाच, परराज्यातून बदली होऊन आल्यास पाच. बदलीचे गुण काही महिन्यांतच काढून टाकावे लागले आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ही सारी मार्गदर्शक तत्त्वेच रद्द केली. म्हणजे वीस गुणांचे हे भावंडप्रेमही त्याबरोबर गेले. इंग्लंडमध्ये बहुतेक शाळा भावंडांना वरचे स्थान देतात, तेथील कॅथलिक शाळासुद्धा. ब्रायटन शहराने २००८ च्या प्रवेशांपासून एका परिसरातील मुलांमध्ये सोडत आणली, तरी भावंडांचे प्राधान्य तिच्या आधी ठेवले. अमेरिकेत सरकारी पैशाने चालणाऱ्या चार्टर शाळांना जागा कमी पडल्यास सोडत काढावी लागते, पण आधीच्या विद्यार्थ्यांच्या भावंडांना त्या सोडतीतून वगळून थेट घेण्याची मुभा आहे. इतरांनी केले म्हणून आपणही करावे असे आमचे म्हणणे नाही. तेथील शाळा मुळातच सर्वांना मोफत असतात. आपल्याकडे हे दार शंभरांतील पंचवीसांपुरते किलकिले केलेले आहे.

सोडतीची रीत आपल्या ख्रिस्ती माणसाला परकी नाही. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडावयाचा होता तेव्हा दोन नावे पुढे आली, प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि मत्थियाची निवड झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे. प्रवचनांतून आम्ही मत्थियाविषयी पुष्कळ ऐकले. आम्हांला मात्र अलीकडे दुसऱ्याची आठवण अधिक येते. तो योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत, ज्याची चिठ्ठी निघाली नाही. त्याच्याविषयी त्या ग्रंथात पुढे एक अक्षरही नाही. त्याची पात्रता कमी होती असे कोणी म्हटलेले नाही. चिठ्ठीचा हाच मोठा गुण की, जो राहिला तो नालायक ठरत नाही. वशिला, देणगी, मुलाखत यांनी ज्या काळी प्रवेश होत होते त्या काळाशी तुलना केली तर आम्ही सोडतीच्याच बाजूने उभे राहू. आमच्या भागात एके काळी प्रवेशासाठी कोणाकोणाच्या चिठ्ठ्या न्याव्या लागत, ते जुन्या वाचकांना सांगावयास नको.

परंतु चिठ्ठी टाकण्यापूर्वी ती कोणाच्या नावाने टाकावयाची हे माणसालाच ठरवावे लागते. मुलाच्या नावाने की घराच्या? आमचा सारा विचार शेवटी या प्रश्नापाशी येऊन थांबला. फीच्या शाळेत भावंडांना प्राधान्य दिले की शाळा हळूहळू काही घराण्यांची होते. ज्याचा बाप शिकला, ज्याची बहीण शिकते, त्याचेच पुढचे मूल. नव्याने वस्तीस आलेला माणूस, मग तो आपल्याच धर्मग्रामाचा का असेना, दाराबाहेर. तेथे हे प्राधान्य मोकळे सोडू नये, त्याला मर्यादा घालावी, थोरल्या मुलांसाठी काही जागा बाजूला ठेवाव्यात, असे आमचे मत आहे. आरटीईच्या सोडतीची गोष्ट निराळी आहे. तेथे रांगेत उभी असलेली सगळीच घरे गरजू आहेत हे शासनाने मान्य केले आहे. एका गरजू घराला एक जागा देऊन दुसऱ्या लेकरासाठी दुसऱ्या टोकाची शाळा शोधावयास लावणे म्हणजे दिलेल्या देणगीचा अर्धा भाग वाहतुकीत परत घेणे. म्हणून तेथे, सर्व नव्हे, पण पंचवीसांतील सहा-सात जागांपर्यंत भावंडांना आधी घ्यावे आणि त्याहून अधिक भावंडे असतील तर त्यांच्यातही चिठ्ठी टाकावी. त्या एकुलत्या मुलीच्या आईचा वाटा यात थोडा कमी होतो, हे खरे. पण सर्वस्वी जात नाही.

भाडेकरूंच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. अंतराचा नियम ज्याने केला त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा माणूस होता. आमच्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा. घरमालकाने भाडे वाढवले की माणूस गाशा गुंडाळतो. थोरल्या मुलीच्या अर्जाच्या वेळी आमच्या मुलाची खोली त्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत होती. धाकट्याच्या वेळेपर्यंत दोन खोल्या बदलून झाल्या होत्या, व शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडे गेली होती. बहीण रोज त्याच शाळेत जात होती, तिचे हजेरीपुस्तक साक्ष होते. परंतु नकाशावर तिच्या भावाचे घर लांब दिसत होते. सोडतीपूर्वीच त्याची चिठ्ठी तळाला गेली. ज्याचे घर दरवर्षी बदलते त्याच्यासाठी बहिणीची शाळा हाच खरा कायमचा पत्ता.

आता थोडे आपल्या घरातले. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्टच्या खटल्यात सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. आपल्या शाळा आपल्या राहाव्यात, या घटनादत्त हक्काचे मोल आम्ही जाणतो. तो हक्क टिकावा असेच आम्हांस वाटते. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. आपल्या समाजातील गरीब कोळ्याच्या मुलाला ज्या सोडतीत उभे राहता येते, त्या सोडतीत आपल्याच समाजाच्या शाळा नसतात. त्याला चिठ्ठी लागते ती दुसऱ्याच्या शाळेत. आपल्या शाळेत यावयाचे तर स्नानसंस्काराचा दाखला असतो, पण फीचे काय, आणि आधीच्या भावंडांच्या रांगेचे काय? कायद्याने आपल्याला मोकळे ठेवले आहे म्हणजे आपण काहीच करू नये असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या घराचे एक मूल आरटीईतून बाहेर गेले व दुसरे राहिले, अशी घरे धर्मग्रामात किती आहेत हे मोजावयास एका रविवारचे काम पुरे. एखादी शाळा अशा राहिलेल्या मुलांसाठी चार जागा फीमाफीने ठेवू शकेल. एखाद्या शाळेला दुपारची वेळ बदलता आली नाही तरी, बहिणीच्या शाळेची बस जेथे थांबते तेथवर आपली बस नेता येईल. लहान गोष्टी आहेत, पण सूनबाईंसारख्या बायकांचा बाजार त्यांवर अवलंबून आहे.

हे आम्ही आमच्या ओळखीच्या काही पालकांच्या बैठकीत बोलून पाहिले. तेथे दोन तट पडले, आणि गंमत अशी की ते पडले मुलांच्या संख्येवरून. ज्यांना दोन, ते आमच्या बाजूला; ज्यांना एक, ते त्या भगिनीच्या बाजूला. एका गृहस्थांना तीन मुले, तिन्ही तीन शाळांत. ते काहीच बोलले नाहीत, त्यांना पाचच्या सुमारास कोणालातरी आणावयास जावयाचे होते. शेवटी शिक्षणाधिकाऱ्यांकडे एक अर्ज करावा, भावंडांसाठी मर्यादित जागांची मागणी करावी, आणि त्यातच भाडेकरूंच्या अंतराचा मुद्दाही घालावा, एवढे ठरले. मसुदा लिहिण्याचे काम कारकुनी केलेल्या माणसाकडेच आले. तो लिहून झाला आहे. सह्या गोळा करणे चालू आहे. त्या एकुलत्या मुलीच्या आईने सही केली, परंतु समासात स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवले की, ज्या घरातील एकाही मुलाला अद्याप जागा मिळालेली नाही, त्यांचा वाटा तीन-चतुर्थांशाहून कमी करू नये. आम्ही ते वाक्य मुख्य मजकुरात घेतले आहे.

नातवाच्या बाबतीत या अर्जाचा काही उपयोग नाही, त्याचे वय निघून गेले. तो मराठी शाळेत रमला आहे, गणित बहिणीपेक्षा बरे करतो. नातीची मोफत शाळा आठवीपर्यंत, म्हणजे २०२९ पर्यंत. नववीपासून तिला त्याच शाळेत ठेवावयाचे तर पूर्ण फी भरावी लागेल, नाहीतर नवी शाळा शोधावी लागेल. त्यासाठी सूनबाईंनी मासळी बाजारातल्या बायकांबरोबर आतापासूनच भिशी लावली आहे.